विश्लेषण : अ‍ॅलर्जीच्या गोळीने पेंग का येते? ती शोधणारे डॅनियल बोव्हे कोण होते?

तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला जाताना गाडी लागू नये, म्हणून अनेक प्रवासी निघण्याआधी एक गोळी घेतात. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, खाज सुटली, नाक गळू लागले तरी त्याच जातकुळीतली गोळी किंवा सिरप औषध दुकानातून घरी येते. आराम पडतो आणि पेंगही येते. ही पेंग म्हणजेच औषधाचा गुण, असा अनेकांचा समज असतो. रात्रभराच्या प्रवासात मूल रडू नये म्हणून त्याला हे सिरप पाजण्याची चूक या समजातूनच होते आणि ती जिवावर बेतू शकते. हे औषध शरीरात काय करते, हे ज्यांच्या संशोधनामुळे कळले त्या डॅनियल बोव्हे यांची ही ओळख.

कोण होते बोव्हे?

डॅनियल बोव्हे यांचा जन्म २३ मार्च १९०७ रोजी स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे झाला. वडील पिएर बोव्हे हे शिक्षणशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. डॅनियल यांनी जिनिव्हा विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेऊन १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये अर्नेस्त फुर्नो यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. रुग्ण तपासणे हे त्यांचे काम नव्हते. नवी रसायने प्राण्यांवर तपासून ती कुठे उपयोगी पडतात आणि कुठे घात करतात, हे पाहणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम ठरले.

पहिले यश कोणते?

१९३५ मध्ये जर्मनीतील प्रॉन्टोसिल या लाल रंगाच्या औषधाचा बोलबाला होता. जंतुसंसर्ग झालेले उंदीर त्याने वाचत, पण परीक्षानळीत मात्र ते जंतूंवर चालत नसे. बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोडे सोडवले. शरीरात त्या रंगद्रव्याचे तुकडे होतात आणि खरे काम त्यातला सल्फानिलामाइड हा बिनरंगी भाग करतो. हे रसायन १९०८ पासूनच ठाऊक असल्याने त्यावर कोणाची मक्तेदारी नव्हती. स्वस्त सल्फा औषधांचा मार्ग मोकळा झाला.

मात्र १९३७ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने हेच औषध डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून सिरप म्हणून विकले. त्यात शंभराहून अधिक जणांचा बळी गेला. मृतांत अनेक मुले होती. औषध चांगले असले तरी ते कशात, किती आणि कोणाला दिले जाते यावर जीव अवलंबून असतो, हे त्या घटनेने जगाला दाखवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत औषधांचा कडक कायदा झाला.

अ‍ॅलर्जीचे औषध कसे सापडले?

आपल्या शरीरातील काही पेशींत हिस्टामिन नावाचे रसायन साठलेले असते. अ‍ॅलर्जी झाली की ते बाहेर पडते. रक्तवाहिन्या फुगून पाझरू लागतात, गांधी उठतात, खाज सुटते, नाक गळते. अ‍ॅड्रिनालिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन या शरीरातील दोन रसायनांना रोखणारी औषधे तेव्हा माहीत होती, हिस्टामिनला रोखणारे मात्र एकही नव्हते. ही उणीव बोव्हे यांच्या लक्षात आली.

१९३७ मध्ये त्यांनी आन-मारी स्तोब या तरुण संशोधिकेबरोबर प्रयोग सुरू केले. गिनीपिगला मारक ठरेल इतके हिस्टामिन देऊनही तो वाचला, असे एक रसायन त्यांच्या हाती लागले. कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवावी तसे ते पेशीवरील हिस्टामिनची जागा अडवत होते. पण माणसाला देण्यासाठी ते फार विषारी होते. गुणकारी असूनही बोव्हे यांनी ते बाजूला ठेवले आणि कमी घातक पर्यायासाठी पुढची काही वर्षे प्रयोग केले.

१९४२ मध्ये बर्नार हाल्पर्न यांनी माणसाला देता येईल असे अँटरगन हे औषध पुढे आणले. १९४४ मध्ये बोव्हे आणि सहकाऱ्यांनी त्याहून सुरक्षित मेपिरामिन शोधले. त्याच दशकात फ्रान्समधील रोन-पूलेंक कंपनीत पॉल शार्पांतिए यांच्या चमूने प्रोमेथाझिन तयार केले. आपल्याकडे फेनरगन, अव्होमिन या नावांनी मिळते ते हेच.

मग पेंग का येते?

मेंदूत हेच हिस्टामिन आपल्याला जागे ठेवते. जुन्या पिढीची औषधे रक्तातून मेंदूत शिरतात आणि तिथेही त्याला अडवतात. प्रोमेथाझिन अ‍ॅसिटिलकोलिनलाही रोखते. त्यामुळे कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागातून उठणारी मळमळ थांबते, पण तोंड कोरडे पडते, लघवी अडते, डोळ्यांपुढे अंधुक दिसते. म्हणजे पेंग हा आजार बरा झाल्याचा पुरावा नव्हे, औषध मेंदूपर्यंत पोहोचल्याची ती खूण आहे.

पुढे बोव्हे यांनी काय केले?

१९३८ मध्ये त्यांनी फिलोमेना निट्टी यांच्याशी विवाह केला. मुसोलिनीच्या राजवटीमुळे देश सोडून पॅरिसला आलेले इटलीचे माजी पंतप्रधान फ्रान्चेस्को निट्टी यांची ती कन्या. पुढील संशोधनात दोघांनी बरोबरीने काम केले. १९४७ मध्ये हे दाम्पत्य रोमच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले आणि बोव्हे इटलीचे नागरिक झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणाऱ्या औषधांवर त्यांनी तिथे मोठे काम केले. १९५७ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. ८ एप्रिल १९९२ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.

गोळी घेताना काय लक्षात ठेवावे?

- दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन अजिबात देऊ नये. त्यांचा श्वास मंदावून थांबू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये तसा ठळक इशारा सक्तीचा केला. त्याहून मोठ्या मुलांनाही डॉक्टरांना विचारूनच, मापाच्या झाकणाने मोजून द्यावे. झोपवण्यासाठी कधीच देऊ नये.

- सर्दीच्या अनेक गोळ्या-सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन हे याच गटातले औषध असते. दोन्ही घेतले तर गुंगी दुप्पट. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिनचे एकत्रित औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले आहे.

- गोळी घेतल्यावर मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी चालवू नये. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहू शकते.

- दारू, मग ती मोहाची असली तरी, वर्ज्य. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना सांगावे. सिकलसेलच्या रुग्णांनी हे विशेष पाळावे. श्वास मंदावून रक्तातला प्राणवायू घटला, तर त्यांचा त्रास वाढतो.

- काचबिंदू, प्रोस्टेट किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि वृद्धांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

- इंजेक्शनचा हट्ट नको. प्रोमेथाझिनचे इंजेक्शन चुकीच्या जागी गेल्यास मांस सडू शकते.

- गाडी लागू नये म्हणून घ्यायची असेल तर निघण्याआधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. मूल सतत उलट्या करत असेल तर आधी ओआरएस आणि दवाखाना.

- नंदुरबारच्या मिरची पथारींवर येणारा ठसका बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसून तिखटाची जळजळ असते. तिथे गोळीपेक्षा तोंडाला बांधलेले फडके कामाचे.

- रोजच्या अ‍ॅलर्जीसाठी कमी पेंग आणणारी लोराटाडिन, फेक्सोफेनाडिनसारखी औषधे आहेत. त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

- जीभ-ओठ सुजले, दम लागला, भोवळ आली तर गोळीची वाट पाहू नये. अशा वेळी अ‍ॅड्रिनालिनचे इंजेक्शन लागते. लगेच १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.