हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) : मदीनेचे यजमान, कुस्तुन्तुनियाचे पाहुणे

ज्यांच्या दारी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) पाहुणे म्हणून उतरले, त्यांची कबर त्या दारापासून शेकडो कोस दूर, परक्या शहराच्या तटाखाली आहे. घराचे दार आणि ती कबर यांच्यामध्ये पन्नास वर्षांचे आयुष्य पसरलेले आहे. हजरत अबू अय्यूब (रजि.) यांचे ते आयुष्य प्रत्येक मुस्लिम कुटुंबाने घरात बसून एकदा तरी सांगावे आणि ऐकावे असे आहे.

त्यांचे मूळ नाव खालिद बिन जैद. मदीनेतील खजरज कबिल्याच्या बनू नज्जार घराण्यात त्यांचा जन्म झाला. अय्यूब नावाच्या पुत्रामुळे ते अबू अय्यूब, म्हणजे अय्यूबचे वडील, म्हणून ओळखले जाऊ लागले आणि इतिहासाने त्यांना याच नावाने लक्षात ठेवले. हिजरतीपूर्वी अकबा येथे ज्या अन्सारांनी प्रेषितांच्या हाती बैअत केली, त्यांच्यात तेही होते.

इ.स. ६२२ मध्ये प्रेषित (स.) मदीनेत आले, तेव्हा प्रत्येक घराण्याला ते आपल्याकडे उतरावेत असे वाटत होते. कोणाचेही मन दुखावू नये म्हणून प्रेषितांनी आपल्या सांडणीची वाट मोकळी सोडायला सांगितले. सांडणी जिथे बसली ती जागा दोन अनाथ मुलांची होती. पुढे ती विकत घेऊन तिथेच मस्जिदे नबवी उभी राहिली. अबू अय्यूब (रजि.) यांनी पुढे होऊन सामान उचलले आणि आपल्या घरात नेले. मस्जिद आणि प्रेषितांच्या राहण्याच्या खोल्या तयार होईपर्यंत, सुमारे सात महिने, त्यांचे घर हे प्रेषितांचे घर होते.

घर दुमजली होते. भेटीस येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून प्रेषितांनी खालचा मजला पसंत केला. एके रात्री वरच्या मजल्यावर पाण्याचा घडा फुटला. पाणी खाली ठिबकेल या भीतीने पती-पत्नीने घरातले एकुलते एक पांघरूण काढले आणि त्याने जमीन टिपून घेतली. अल्लाहच्या प्रेषितांच्या डोक्यावर आपण राहतो, ही गोष्ट त्या दोघांना सहन होईना. अखेर त्यांच्या विनंतीवरून प्रेषित वर राहावयास गेले. दांपत्य रोज जेवण पाठवीत असे आणि उरलेले अन्न परत आले की प्रेषितांची बोटे जिथे लागली असतील तिथूनच खात असे. एकदा ताट न शिवता परत आले. चौकशी केली तेव्हा कळले की त्यात लसूण होता. तो हराम नाही, परंतु प्रेषितांना त्याचा वास आवडत नव्हता. त्या दिवसापासून अबू अय्यूब (रजि.) यांनाही तो नावडता झाला.

याच घरातील आणखी एक प्रसंग मोलाचा आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्यावर दांभिकांनी बालंट रचले तेव्हा मदीनेत कुजबुज पसरली. ती उम्मे अय्यूब (रजि.) यांच्याही कानी आली आणि त्यांनी ती पतीजवळ काढली. अबू अय्यूब (रजि.) यांनी पत्नीला एवढेच विचारले की, असले कृत्य तू करशील का? त्या नाही म्हणाल्या. तेव्हा, आयशा तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत, असे सांगून त्यांनी तो विषय तिथेच संपवला. अफवेला त्या उंबरठ्याच्या आत जागा मिळाली नाही.

बद्र, उहुद, खंदक यांसह सर्व मोहिमांत ते प्रेषितांसोबत होते. प्रेषितांच्या पश्चातही त्यांनी घोडा सोडला नाही. हजरत अली (रजि.) यांच्या खिलाफतीत त्यांनी मदीनेचा कारभार सांभाळला. एकदा ते बसऱ्याला गेले असता तेथील अधिकारी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी आपले घर त्यांच्यासाठी रिकामे करून दिले. प्रेषितांना दिलेल्या पाहुणचाराची ती उतराई होती.

ते जुने योद्धे होते, पण त्यांचे मन कठोर झाले नव्हते. एका मोहिमेत एक बंदी स्त्री रडताना दिसली. तिचे मूल तिच्यापासून वेगळे केले गेले होते. अबू अय्यूब (रजि.) यांनी त्या मुलाचा हात धरला आणि त्याला आईच्या हाती सोपवले. आई आणि मूल यांची ताटातूट करणाऱ्याला अल्लाह कयामतच्या दिवशी त्याच्या प्रियजनांपासून दूर करील, ही प्रेषितांची शिकवण त्यांनी उपस्थितांना ऐकवली.

ज्ञानाची ओढही तशीच होती. मुस्लिमाचा दोष झाकण्याविषयीची एक हदीस प्रेषितांकडून आपल्यासोबत ऐकणारे हजरत उकबा बिन आमिर (रजि.) इजिप्तमध्ये आहेत, एवढ्यासाठी ते मदीनेहून तिथे गेले. हदीसची खात्री करून घेतली आणि लगेच सांडणीवर बसून परतले. रमजाननंतर शव्वालचे सहा रोजे आपण ठेवतो, त्यांच्या फजिलतीची हदीसही त्यांच्याच कथनातून आपल्यापर्यंत आली आहे.

एके वर्षी सैन्यावर एका तरुणाची नेमणूक झाली म्हणून ते घरी राहिले. पुढे त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला. सेनापती कोण आहे याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे ते म्हणत. यानंतर कुस्तुन्तुनियाच्या मोहिमेत, केस पिकलेल्या वयात, ते पुन्हा सामील झाले. तिथे एक सैनिक एकटाच रोमन रांगांत घुसला. स्वतःला विनाशात लोटू नका, या अर्थाच्या कुरआनच्या आदेशाचा (२:१९५) तो भंग करतो आहे, असे लोक ओरडू लागले. अबू अय्यूब (रजि.) यांनी त्यांची समजूत दुरुस्त केली. ती आयत अन्सारांविषयी उतरली होती. इस्लामला बळ आले, आता आपण आपल्या मळ्यांकडे पाहावे, असा विचार त्यांच्या मनात आला होता. अल्लाहच्या मार्गातील खर्च आणि कष्ट सोडून मालमत्तेला चिकटून बसणे, हाच तो विनाश होता.

त्याच मोहिमेत ते आजारी पडले. शक्य तितके पुढे नेऊन आपल्याला दफन करावे, अशी त्यांनी इच्छा सांगितली. हिजरी ५२ (इ.स. ६७२) च्या सुमारास त्यांचे निधन झाले आणि शहराच्या तटाजवळ त्यांना दफन करण्यात आले. इ.स. १४५३ मध्ये सुलतान मुहम्मद फातेह यांनी ते शहर जिंकल्यावर तिथे मस्जिद बांधली गेली. इस्तंबूलचा तो भाग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

वृद्धापकाळ म्हणजे कोपऱ्यात बसण्याचा काळ, असे आपण धरून चालतो आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही तसेच वागवतो. अबू अय्यूब (रजि.) यांच्या आयुष्यात असा कोपरा कधी आलाच नाही. मात्र त्यांच्या मोठेपणाची सुरुवात रणांगणात झाली नव्हती. ती एका ओल्या पांघरुणापासून आणि अफवेला घराबाहेर ठेवणाऱ्या एका प्रश्नापासून झाली होती. तेवढे तर प्रत्येक घराला शक्य आहे. अल्लाह आपल्या घरांना ती अदब आणि आपल्या ज्येष्ठांना ती उमेद देवो. आमीन.