कामातून जुळलेली मैत्री



२० डिसेंबर हा संत गाडगेबाबांचा स्मृतिदिन. अमरावतीच्या गाडगेनगरातील त्यांची समाधी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. आज आपण त्यांच्या एका मैत्रीचे स्मरण करू या.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील लवकर वारले. अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामांकडे गुरे राखत ते वाढले. शाळा त्यांना मिळाली नाही. १९०५ साली घर सोडून त्यांनी हाती खराटा घेतला. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा व वसतिगृहे उभी राहिली. स्वतःसाठी त्यांनी एक गाडगे तेवढे ठेवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर उच्चशिक्षित बॅरिस्टर, पुढे देशाचे कायदामंत्री. अस्पृश्यता नाहीशी व्हावी आणि गरिबांची मुले शिकावीत, या एकाच तळमळीने दोघांना जवळ आणले. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना थारा नव्हता, म्हणून बाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. १९४९ साली ती इमारत त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कष्टाने उभारलेली वास्तू मित्राच्या कार्याला देऊन टाकली!

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडगेबाबांनीही देह ठेवला.

नोकरीत किंवा सेवाकार्यात आपल्यालाही असे सोबती लाभले असतील. ते आहेत तोवर त्यांची विचारपूस करू या, त्यांच्या कामाला हातभार लावू या. आभार मानायला उशीर नको.