वाटाण्याची वेल

पेण आणि रोहे यांच्या परिसरातील गागोदे बुद्रुक हे गाव विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध आहे. रायगड जिल्ह्याच्या या भागात भाताची कापणी झाली, की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची रीत आहे. थोड्याच दिवसांत शेत हिरवेगार होते. परंतु एखादा मुलगा त्या शेताच्या बांधावर दिवसभर बसून राहिला, तरी वालाचे रोप वाढताना त्याला दिसणार नाही. काल बोटभर असलेले रोप आज दोन बोटे झालेले दिसते. पण ते नेमके केव्हा वाढले, हे कोणालाच सांगता येत नाही. वनस्पतींची हालचाल इतकी मंद असते, की ती आपल्या डोळ्यांना जाणवतच नाही. म्हणून झाडे एका जागी स्तब्ध उभी असतात, असा आपला समज होतो.

हा समज खरा नाही, हे १९१२ साली मुंबईत एका मराठी कलावंताने पडद्यावर दाखवून दिले. त्या कलावंताचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या त्या मोठ्या कार्याच्या आरंभी एक लहानशी कुंडी आणि तिच्यात पेरलेले वाटाण्याचे दाणे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. पुढे ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागले. धुंडिराजाचा ओढा मात्र लहानपणापासून चित्रकलेकडे होता. १८८५ साली त्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकला व छायाचित्रण या कलांचा अभ्यास केला. शिकून झाल्यावर त्यांनी गोध्रे येथे छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय सुरू केला. पण प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल दगावले आणि तो संसार मोडला. त्यानंतर त्यांनी जादूचे खेळ शिकून घेतले, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकाराची नोकरी केली आणि स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत ती नोकरी सोडून छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीलाही जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि स्वतःच्या हातांनी उभारलेल्या छापखान्यातून त्यांना बाहेर पडावे लागले. वयाची चाळिशी आली होती, संसार वाढला होता आणि हाती उद्योग उरला नव्हता.

अशा दिवसांत त्यांनी गिरगावातील एका चित्रपटगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत होते आणि दादासाहेबांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपल्या देशातील कथा, आपल्या देशातील माणसे आणि आपल्याच हातांनी तयार केलेली चित्रे पडद्यावर आणायची, असा ध्यास त्यांनी घेतला. मिळतील ती पुस्तके व माहितीपत्रके त्यांनी वाचून काढली. दररोज संध्याकाळी तासन्‌तास मूकपट पाहावेत आणि रात्री जागून प्रयोग करावेत, असा क्रम त्यांनी चालवला. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी मंद होत गेली आणि काही काळ तर त्यांना दिसेनासे झाले. ज्याला चित्रे दाखवायची त्याचेच डोळे जावेत, यासारखे दुर्दैव कोणते? सुदैवाने वैद्यकीय उपचारांनी व चष्म्याने त्यांची दृष्टी परत आली. त्याबरोबर त्यांचा निश्चयही अधिक दृढ झाला.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे त्यांचे कोणीही ओळखीचे नव्हते. त्यांनी ‘बायोस्कोप’ या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांची भेट घेतली. त्यांच्या ओळखीने हेपवर्थ या प्रसिद्ध निर्मात्याच्या कलागृहात त्यांना चित्रपट तयार करण्याची सर्व कृती पाहावयास मिळाली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फीत आणि फितीच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते एप्रिलच्या आरंभी मुंबईस परतले.

यंत्रे आली, पण चित्रपट काढण्यास लागणारे भांडवल कोठून आणायचे? आपल्याकडील धनिकांना या धंद्याची माहिती नव्हती. भारतात चित्रपट तयार होऊ शकेल, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. आणखी कर्ज मिळाले नाही, तर घेतलेली यंत्रे पडून राहणार आणि गहाण ठेवलेले सारे बुडणार, हे दादासाहेब ओळखून होते. नुसत्या बोलण्याने लोकांची खात्री पटणार नाही, काहीतरी डोळ्यांना दाखवले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. पण नट नाहीत, पोशाख नाहीत, देखावे नाहीत. मग दाखवायचे काय? तेव्हा त्यांनी निवडलेला नट म्हणजे वाटाण्याचा दाणा!

त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा रोवला. कॅमेरा सतत न फिरवता ठराविक वेळाने थोडे थोडे चित्रण करायचे, असा क्रम त्यांनी महिनाभर चालवला. यातील युक्ती समजून घेण्याजोगी आहे. मूकपटाच्या काळी पडद्यावरून साधारणपणे दर सेकंदाला सोळा चित्रे सरकत. म्हणजे एका मिनिटास ९६० चित्रे लागत. समजा, तीस दिवसांत ही ९६० चित्रे घ्यायची आहेत. मग दिवसाला ३२ चित्रे, म्हणजे दर पाऊण तासाला एक चित्र घ्यावे लागेल. ही चित्रे नेहमीच्या गतीने दाखवली, की महिनाभराची वाढ एका मिनिटात डोळ्यांपुढून निघून जाते. आज या पद्धतीला टाइम-लॅप्स चित्रण म्हणतात. ऐकायला हे सोपे वाटते. पण कुंडी किंवा कॅमेरा किंचित जरी हलला, तरी पडद्यावर चित्र उड्या मारू लागते. प्रकाश कमी-अधिक झाला, तर चित्र लुकलुकते. एक वेळ चुकली, तर तेवढी वाढ निसटते आणि ती पुन्हा मिळत नाही. येथे बुद्धीइतकीच चिकाटीची कसोटी लागते.

वाटाण्याची निवडही मोठी मार्मिक होती. वाटाण्याचा दाणा रुजताना प्रथम मूळ खाली जाते. मग मान वाकवलेला कोंब माती सारून वर येतो आणि हळूहळू ताठ होतो. वाढणारा शेंडा सरळ रेषेत वर जात नाही. त्याची कधी एक बाजू, तर कधी दुसरी बाजू अधिक वाढते, त्यामुळे तो गोल गोल झुलत राहतो. वेलीचे तणावे आंधळ्याच्या हाताप्रमाणे हवेत चाचपडतात आणि काठीचा स्पर्श होताच तिच्याभोवती वेढे घेतात. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. पण काळ आवळला, की वेल जणू चालू-बोलू लागते.

युरोपात अशी चित्रणे आधीच झाली होती. जर्मनीत फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी ती केली होती. पुढे काही वर्षांतच जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र तयार करून वनस्पतींची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवली. मुंबईत दादासाहेबांजवळ ना प्रयोगशाळा होती, ना अनुभवी साहाय्यक. चित्रण, फितीवरील रासायनिक प्रक्रिया आणि छपाई ही सर्व कामे त्यांना घरच्या घरी करावी लागली.

फीत तयार झाल्यावर त्यांनी ती निवडक मंडळींना दाखवली. दाणा फुटला, कोंब वर आला आणि पाहता पाहता त्याची वेल झाली! ती जेमतेम मिनिटभराची फीत होती. पण महिनाभर समजावूनही जे पटले नसते, ते तिने पटवून दिले. यशवंत नाडकर्णी यांच्यासारखे स्नेही मदतीस पुढे आले आणि कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. एवढ्यावरच न थांबता फितीला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे आणि चित्रणाच्या वेळी जमणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणे हा भारही त्यांनी उचलला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया घातला गेला.

त्याच वर्षी दादासाहेब नाशिकला गेले. तेथे त्यांनी ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ यांसारखे लोकप्रिय मूकपट काढले. पौराणिक कथांत देव एकाएकी प्रकट होताना पाहून प्रेक्षक थक्क होत. कॅमेरा थांबवायचा आणि योग्य क्षणी पुन्हा सुरू करायचा, हीच या चमत्कारांमागची एक युक्ती. तिचाच उपयोग वाटाण्याची वेल दाखवण्यासाठी झाला होता. मुलांना व मोठ्यांना ज्ञान देणाऱ्या लहान फिती काढण्याची हौसही त्यांनी सोडली नाही. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारी एक फीत त्यांनी १९१७ साली काढली.

पुढे बोलपटांचे युग आले आणि दादासाहेब मागे पडले. ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट १९३७ साली आला. उतारवयात त्यांना अडचणीत दिवस काढावे लागले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ सालापासून चित्रपटक्षेत्रातील श्रेष्ठ कार्यासाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

वाटाण्याच्या वेलीची ती फीत आज पाहावयास मिळत नाही. पण तिची हकिकत विसरण्यासारखी नाही. मोठे काम करायचे म्हणून दादासाहेबांनी लहान कामाचा कंटाळा केला नाही. सारे पणाला लागलेले असतानाही त्यांनी घाई केली नाही; दाण्याला वाढण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते कुंडीसमोर उभे राहिले.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) झाडे स्तब्ध असतात, असा समज आपल्याला का होतो?
(आ) भांडवल मिळवण्यासाठी दादासाहेबांनी कोणती युक्ती केली?
(इ) सरस्वतीबाईंनी दादासाहेबांना कोणकोणती मदत केली?

२. ही कामे अवघड का असतात, ते सांगा : कुंडीचे महिनाभर चित्रण करणे, ओळख नसलेल्या देशात जाऊन नवी विद्या शिकणे.

३. वाक्यात उपयोग करा : ध्यास घेणे, पणाला लागणे, थक्क होणे.

४. काचेच्या पेल्यात ओल्या कापसावर वाटाणा रुजत घाला. दररोज एकाच वेळी, एकाच आकाराच्या कागदावर, कागदाच्या एकाच जागी त्याचे चित्र काढा. पंधरा दिवसांनी ते कागद क्रमाने एकत्र बांधून भरभर उलटा आणि काय दिसते, ते लिहा.