विश्लेषण : गांधीजींनी १९१९चा सत्याग्रह का थांबवला?

रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ रोजी हरताळ पाळण्यात आला. त्यानंतर पंजाबकडे निघालेल्या गांधीजींना पलवल येथे अटक करून मुंबईत परत आणण्यात आले.

काय बिघडले?

अटकेच्या बातमीने अहमदाबाद आणि विरमगाममध्ये दंगली उसळल्या. जाळपोळ झाली, सरकारी नोकरांचे जीव गेले. साबरमती आश्रमाच्या दारातच अहिंसा हरली होती.

जबाबदारी कोणाची?

सरकारी दडपशाहीकडे बोट दाखवणे सोपे होते. गांधीजींनी मात्र तीन दिवस उपवास केला आणि १८ एप्रिलला कायदेभंग स्थगित केला. नडियादच्या जाहीर सभेत त्यांनी आपली चूक हिमालयाएवढी असल्याचे मान्य केले. त्यावरून त्यांची टिंगलही झाली.

चूक कोणती होती?

जो एरवी कायदे मनापासून पाळतो, तोच अन्यायी कायदा मोडण्यास पात्र ठरतो, असे ते मानत. लोकांची ही तयारी होण्याआधीच आपण हाक दिली, हा त्यांचा निष्कर्ष. उपवास त्यांच्यासाठी प्रायश्चित्त होते. अहिंसेवरची श्रद्धा ढळली नाही. स्वतःच्या अंदाजावरचा भरवसा मात्र कमी झाला.

पुढे काय झाले?

फेब्रुवारी १९२२मध्ये चौरीचौरा येथे पोलिसांच्या हत्या झाल्यावर त्यांनी पुन्हा आंदोलन थांबवले आणि पाच दिवस उपवास केला. १२ मार्च १९३० रोजी दांडीकडे निघताना त्यांनी गर्दी जमवली नाही. आश्रमाच्या शिस्तीत तयार झालेले ७८ सहकारी बरोबर घेतले.