पंधरा रुपयांचा रॉबिन

जिम कॉर्बेट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? खांद्यावर रायफल आणि पायाशी पडलेला नरभक्षक वाघ. १९०७ मध्ये मारलेली चंपावतची वाघीण, तिच्या नावावर ४३६ माणसं. १९२६ मध्ये मारलेला रुद्रप्रयागचा बिबट्या, त्याच्या नावावर १२५. हे आकडे बऱ्याच जणांना पाठ असतात. पण त्यांच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या पुस्तकात एक अख्खं प्रकरण कुत्र्यावर आहे, आणि ते बरेच वाचक वाघांच्या घाईत पटकन उलटून पुढे जातात. मला विचाराल तर कॉर्बेट नावाचा माणूस सगळ्यात जास्त कळतो तो तिथेच.

कुत्र्याचं नाव रॉबिन. मूळ नाव पिंचा. कॉर्बेटना खरं तर पिल्लू नकोच होतं. त्यांच्या ओळखीच्या एका बाईंना दाखवायला एक माणूस घाणेरड्या टोपलीतून सात पिल्लं घेऊन आला होता आणि हे नेमके तिथे होते. सातांतलं सगळ्यात लहान, हाडाडलेलं, आज-उद्या जाईल असं वाटणारं पिल्लू उठलं, कॉर्बेटभोवती एक चक्कर मारली आणि त्यांच्या दोन पायांच्या मध्ये मुटकुळं करून झोपलं. कडाक्याची थंडी होती. त्यांनी त्याला उचलून कोटात घातलं. वास असह्य होता, तरी. वय जेमतेम तीन महिने, किंमत पंधरा रुपये. स्पॅनिएल आहे, बाप शिकारीत तरबेज, एवढंच विकणाऱ्याने सांगितलं. पेडिग्रीचा कागद वगैरे काही नाही.

घरी नेऊन आधी पोटभर खाणं, मग गरम पाणी आणि साबण. आणि नवीन नाव. ते नाव जुनंच होतं. २५ जुलै १८७५ ला नैनितालमध्ये जन्मलेला जिम सहा वर्षांचा असताना त्याच्यावर आणि चार वर्षांच्या धाकट्या भावावर एक पिसाळलेली अस्वलीण धावून आली होती. तेव्हा घरच्या म्हाताऱ्या कॉलीने दोघांना वाचवलं. ती कॉली म्हणजे पहिला रॉबिन. नैनितालचे पोस्टमास्तर असलेले वडील त्याच सुमाराला गेले. भावंडं बरीच, पैसा बेताचा. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा खाली कालाढुंगीला, असं ते घर चालायचं. पोरगा जंगलातच वाढला. त्याला मिळालेली पहिली बंदूकसुद्धा नळी फुटलेली, तारेने बांधलेली होती. मोडक्या, टाकाऊ गोष्टीपासून सुरुवात करायची सवय या माणसाला लहानपणापासूनच होती.

काही आठवड्यांत पिल्लाने बाळसं धरलं आणि कॉर्बेटनी शिकवणी सुरू केली. पहिला धडा बंदुकीच्या आवाजाचा. आवाजाला एकदा घाबरलेला कुत्रा आयुष्यभर घाबरत राहू शकतो. दिवाळीत पलंगाखाली थरथरणारा कुत्रा ज्यांच्या घरी आहे त्यांना हे सांगायला नको. म्हणून बेत असा होता, की पिल्लापासून थोडं लांब जाऊन एक-दोन बार काढायचे. पण वाटेत काटेरी झुडपांमधून एक लांडोर उडाली आणि कॉर्बेटनी सवयीने बंदूक चालवली. पायाशी रॉबिन आहे हे विसरूनच गेले! (तेव्हा ही शिकार नेहमीची होती. आज तो गुन्हा आहे.) घाबरणं सोडाच, रॉबिन थेट काट्यांत घुसला. कॉर्बेट वळसा घालून पलीकडे पोचले तर पंख तुटलेली लांडोर झाडीकडे पळतेय आणि हे चिमुकलं तिच्या शेपटीला लटकून, बूड जमिनीला घासत फरफटत चाललंय. कॉर्बेटनी तिला मानेला धरून उचललं, तेव्हा तिच्या लाथेने रॉबिनने कोलांटी खाल्ली. पुढच्याच क्षणी तो पुन्हा हजर.

एवढा पराक्रम केल्यावर आपण काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी आणखी मोठं काहीतरी दिलं असतं. कॉर्बेटनी नंतर त्याला फक्त लावे, होले, कधीतरी एखादा तितर एवढंच आणायला दिलं. झेपेल एवढंच.

दुसरा धडा कॉर्बेटनी दिलाच नाही, तो जंगलाने दिला. नोव्हेंबरमध्ये सगळं घर डोंगरावरून खाली निघालं होतं. पंधरा मैलांच्या चालीच्या शेवटी एका वळणावर रॉबिनच्या नाकासमोरून एक वानर रस्ता ओलांडून गेलं. शिटी न जुमानता रॉबिन त्याच्या मागे उतारावर सुटला, खालच्या झुडपांत शिरला आणि तसाच बाहेर आला. मागे भलामोठा बिबट्या. कॉर्बेटच्या हातात बंदूक नव्हती. ते ओरडत राहिले, बहीण मॅगीची डोली वाहणारी माणसंही ओरडली, वर शंभरेक वानरांचा कालवा. अगदी अखेरच्या क्षणी बिबट्या का कोण जाणे, बाजूला वळला. वानरांच्या मागे लागायचं नाही आणि वानर ओरडलं की बिबट्या जवळ आहे, हे रॉबिन त्यानंतर कधीच विसरला नाही.

आणि मग खरी अडचण आली. त्या हिवाळ्यात सराव पुन्हा सुरू केला तर रॉबिन थोड्याशा धावण्याने बेशुद्ध पडू लागला. टोपलीतल्या उपासमारीने हृदय कमकुवत केलं होतं. पक्ष्यांची शिकार म्हणजे सतत धावपळ, ती बंद झाली. शिकारी कुत्र्याच्या दृष्टीने करिअर संपलं म्हणायचं. त्याला घरी बसवून दुसरा धडधाकट कुत्रा आणणं सहज शक्य होतं. कॉर्बेटनी कामच बदललं. आता ते त्याला वाघ-बिबट्याच्या मागावर न्यायला लागले. ऐकायला उलटं वाटेल, पण माग काढताना धावायचं नसतं. सावकाश, आवाज न करता चालायचं असतं. पहाटे निघायचं, मऊ मातीत ठसे दिसत असतील तोवर कॉर्बेट पुढे. जनावर पाचोळ्यात, गवतात शिरलं की डोळ्यांचं काम संपलं, तिथून रॉबिन नाकाने पुढे. असे ते कित्येकदा मैलोनमैल गेले.

रेल्वेतली नोकरी, मग गंगेकाठच्या मोकामा घाटावर मालाच्या चढउताराची वीसेक वर्षांची ठेकेदारी, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला नेलेली कुमाऊंच्या मजुरांची तुकडी, हे सगळं मागे पडल्यावरचे हे दिवस. लग्न केलं नाही, घरात ते आणि मॅगी. याच काळात त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त दिसायला लागला. ‘मॅन-ईटर्स’ १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने आपल्या मुंबईतून छापलं. अशक्त हृदयाचा रॉबिन तेराव्या वर्षाला टेकला होता, असं त्यात नोंदवलेलं आहे.

१९४७ मध्ये नैनितालचं घर विकून भाऊ-बहीण केनियाला गेले. १९ एप्रिल १९५५ ला कॉर्बेट वारले, त्यांची कबर तिथे न्येरीला आहे. कालाढुंगीचं हिवाळी घर आता संग्रहालय झालंय. कॉर्बेट नॅशनल पार्कला जाणारे बरेच जण वाटेत तिथे थांबतात. आवारात दोन कुत्र्यांच्या कबरी आहेत. एक रोझिनाची, दुसरी रॉबिनची.