कल्याणची आनंदी आणि एक फसलेलं पत्र

कल्याणहून रोज लोकल पकडून कॉलेज गाठणाऱ्या दोस्तांनो, ही गोष्ट तुमच्याच गावच्या मुलीची. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात यमुना जन्मली. नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदी जोशी झाली. नवरा गोपाळराव पोस्टातला कारकून, विधुर, वयाने बराच मोठा. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्याचा हट्ट, आणि त्यापायी तो हातही उगारायचा. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, तो दहा दिवसांतच गेला. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, हे तिच्या मनाने घेतलं.

पण नुसतं मनाने घेऊन काय होतं? त्याच सुमारास गोपाळरावांनी तिच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली. उत्तरात धर्मांतराची अपेक्षा होती. दोघांनाही ते मान्य नव्हतं. म्हणजे पत्र फुकट गेलं? नाही. ते एका मासिकात छापलं गेलं होतं. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघताना ते वाचलं आणि मदतीचा हात पुढे केला.

तरी सगळं जुळून येईपर्यंत काही वर्षं गेली. १८८३ मध्ये आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजात, बंगालमध्ये, भरसभेत उभं राहून आपण का जातोय ते लोकांना समजावलं. एप्रिलमध्ये, अठराव्या वर्षी, नवऱ्याशिवाय त्या कलकत्त्याहून बोटीत चढल्या. फिलाडेल्फियाची थंडी, वेगळं जेवण, ढासळती तब्येत, आणि तरीही मार्च १८८६ मध्ये एम.डी.! अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

पुढचं ऐकायला जड जाईल. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक झाली होती, पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय पुरतं २२ही नाही.

मग आशेने धडपडून मिळालं काय, असं तुम्ही विचाराल. दीर्घायुष्य नाही मिळालं, हे खरं. पण पाटीवर अक्षर गिरवायला बसलेली मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहून डॉक्टर झाली, आणि तो रस्ता आहे हे नंतरच्या मुलींना दिसलं. सगळं नीट होईल अशी हमी तिला कुणी दिली नव्हती. तुम्हालाही मिळणार नाही. तरी तुमचा राहिलेला अर्ज आजच भरून टाका.