कॅथरीन बूथबाई यांचें चरित्र

उपासनेच्या वेळीं स्त्रियांनीं मंडळींत बोलावें कीं गप्प बसावें, हा प्रश्न आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत वारंवार निघतो. या प्रश्नाचें उत्तर जिला केवळ लेखणीनें नव्हे, तर स्वतःच्या आयुष्यानें द्यावें लागलें, अशा एका बाईचें चरित्र आज थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

कॅथरीन मम्फर्ड हिचा जन्म इंग्लंडांतील ॲशबोर्न या गांवीं १८२९ सालीं जानेवारीच्या १७ व्या तारखेस झाला. तिचा बाप गाड्या बांधण्याचा धंदा करी. तो पूर्वीं मेथडिस्ट मंडळींत उपदेश करीत असे. परंतु पुढें त्याचा विश्वास थंडावला व तो दारूच्या नादीं लागला. आई मात्र देवभीरु होती. तिनें मुलीस घरींच शिकविलें. बारा वर्षांची होण्यापूर्वीं कॅथरीननें सगळें पवित्र शास्त्र आठ वेळां वाचून काढिलें होतें, असें सांगतात. एकदां एका दारुड्यास शिपाई तुरुंगाकडे नेत होता व पोरें त्याची टर उडवीत होतीं. तेव्हां त्या बिचाऱ्यास एक तरी सोबती असावा म्हणून ही लहान मुलगी त्याच्या शेजारून चालत गेली. चौदाव्या वर्षीं पाठीच्या कण्याच्या दुखण्यानें तिला कित्येक महिने अंथरुणास खिळून राहावें लागलें. तो काळही तिनें वाचनांत घालविला.

१८५५ सालीं जूनच्या १६ व्या तारखेस मेथडिस्ट उपदेशक विल्यम बूथ यांच्याशीं तिचा विवाह झाला. स्त्री ही बुद्धीनें व आत्म्यानें पुरुषाहून हलकी आहे, हें मत कॅथरीनबाईंस कधींच मान्य नव्हतें. त्यांच्या स्वतःच्या पाळकांनीं उपदेशांत तसें सुचविलें, तेव्हां त्यांनीं नम्रपणें पण स्पष्टपणें पत्र लिहून आपली हरकत कळविली होती. बूथसाहेबांचें मन आरंभीं या बाबतींत डळमळीत होतें. उपदेश करणाऱ्या स्त्रीस आपण अडविणार नाहीं, पण उत्तेजनही देणार नाहीं, अशी त्यांची वृत्ति होती.

पुढें हें कुटुंब उत्तर इंग्लंडांत गेट्सहेड येथें राहूं लागलें. १८५९ सालीं त्या भागांत फिबी पामर नांवाच्या अमेरिकन बाई आपल्या पतीसह सुवार्ता सांगत फिरत होत्या. एका पाळकांनीं त्यांच्यावर जाहीर टीका केली, कीं स्त्रीनें उपदेश करणें शास्त्राविरुद्ध आहे. तेव्हां कॅथरीनबाईंनीं एक लहान पुस्तक लिहून त्यास उत्तर दिलें. त्यांचें म्हणणें असें : करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायांत स्त्रियांनीं मंडळींत उगी राहावें असें आहे खरें, परंतु त्याच पत्राच्या ११ व्या अध्यायांत, प्रार्थना करतांना व संदेश देतांना स्त्रीनें मस्तक आच्छादावें, असा नियम घातला आहे. तिनें बोलूंच नये, असें प्रेषिताच्या मनांत असतें, तर बोलतांना कसें असावें हें त्यानें कां सांगितलें असतें? म्हणून ती मनाई गोंधळ करणाऱ्या बोलण्यास आहे, आत्म्याच्या प्रेरणेनें बोलण्यास नाहीं. योएलाचें भविष्य, पौलाची सहकारी फिबी आणि पुनरुत्थानाचें वर्तमान प्रथम नेणाऱ्या स्त्रिया यांचीही त्यांनीं आठवण करून दिली.

पण येथेंच खरी कसोटी आली. दुसरीची बाजू मांडणारी ही बाई स्वतः मात्र मंडळींत तोंड उघडीत नव्हती. कोणी मनाई केली होती म्हणून नव्हे. त्यांचा स्वभावच अत्यंत भिडस्त होता. १८६० सालच्या मे महिन्याची २७ वी तारीख, पन्नासाव्या दिवसाचा सण. पदरीं चार मुलें. धाकटी एम्मा पांच महिन्यांचीही नव्हती. बूथसाहेबांचा उपदेश संपत आला असतां बाई आपल्या जागेवरून उठल्या व व्यासपीठाकडे चालूं लागल्या. पतीस वाटलें, हिला कांहीं तरी दुखत असेल. परंतु त्यांनीं दोन शब्द बोलण्याची परवानगी मागितली, आणि आपण आजवर भीतीमुळें देवाची आज्ञा मोडीत आलों, हें सर्वांसमक्ष कबूल केलें. लोक रडूं लागले. बूथसाहेबांनीं तेथेंच जाहीर केलें, कीं सायंकाळीं उपदेश ही करील. त्या दिवसापासून त्यांचें मत बदललें. त्याच सालीं ते आजारी पडले, तेव्हां कित्येक आठवडे त्यांचें काम बाईंनींच चालविलें.

१८६५ सालीं लंडनच्या पूर्व भागांतील गरिबांमध्यें या उभयतांचें काम सुरू झालें. १८७० सालीं त्या कार्याचे नियम ठरले, तेव्हां स्त्रियांस उपदेशाचा व कोणत्याही अधिकारपदाचा हक्क देण्यांत आला. १८७८ सालीं त्याचेंच नांव मुक्तिफौज असें झालें.

त्याच शतकांत डॉक्टर जॉन थॉमस यांच्या शिकवणींतून निघालेल्या ख्रिस्तदेल्फियन पंथानें तेच अध्याय वाचून निराळा निर्णय घेतला. त्यांच्या बहुतेक मंडळ्यांत भगिनींस कारभारांत मत आहे, पण उपासनेंत उपदेश व मोठ्यानें प्रार्थना बंधूच करितात. तेही शास्त्र मानणारेच लोक होत. म्हणून या वादांत कोणी कोणास तुच्छ लेखूं नये.

१८८२ सालीं मुक्तिफौजेची पहिली चार माणसें मुंबईस उतरलीं. त्यांत एक स्त्री होती. आईनें प्रथम तोंड उघडलें त्या दिवशीं जी तान्ही होती, त्या एम्मानें पुढें याच चौघांचे पुढारी टकर यांच्याशीं विवाह करून हिंदुस्थानांत सेवा केली. दुसरी कन्या इव्हँजेलिन १९३४ सालीं सर्व फौजेची जनरल झाली. नगर येथील बूथ रुग्णालयास तिचेंच नांव आहे.

१८८८ सालीं कॅथरीनबाईंस कर्करोग झाल्याचें कळलें. दोन वर्षें असह्य वेदना सोसून १८९० सालीं आक्टोबरच्या ४ थ्या तारखेस, ६१ व्या वर्षीं, त्या प्रभूजवळ गेल्या.

मुक्तिफौज बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधि पाळीत नाहीं. त्यांत आपण तिच्याशीं सहमत नाहीं. परंतु या बाईपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. उपदेशकबंधूंनो, तुमच्या मंडळींत एखादी भगिनी भीत भीत प्रार्थनेस उठली, तर तिला खालीं बसविण्यापूर्वीं दोन्ही अध्याय उघडून वाचा. आणि भगिनींनो, आपलें मौन हें आज्ञापालन आहे कीं केवळ भीति, हें देवासमोर एकदां तपासून पाहा.